प्राचार्यांसाठी एंटरप्राइज

आमच्या प्राचार्यांना संगणकातलं एवढंच कळायचं की तो चालू आहे की बंद, आणि तेही शिपाई सटवाजीनं सांगितल्यावर. तरी नव्या पंचवीस संगणकांवर कोणती विंडोज घालायची हे ठरवायला खरेदी समिती बसली, तेव्हा अध्यक्ष तेच होते आणि बोलणारेही तेच.

मी उत्तरा सेलूकर, पूर्णेतल्या या महाविद्यालयाची कार्यालय अधीक्षक. सत्तावीस वर्षांत मी पाच प्राचार्य पाहिले. डॉ. मार्तंड पाथरीकर हे पाचवे. पहिल्या चौघांत काही ना काही खोट होती, पण खोट असायलाही आत काहीतरी असावं लागतं. पाथरीकर सरांकडे आवाज होता, सफारी होती आणि खुर्चीवर टाकायचा पांढरा टॉवेल होता. बाकी सगळी मोकळी जागा.

जुन्या संगणकांवर विंडोज दहा होती आणि ऑक्टोबरपासून कंपनी तिची देखभाल थांबवणार होती. म्हणून संस्थेनं नवे संगणक मंजूर केले. परभणीहून बन्सीधर नावाचा व्यापारी कोटेशन घेऊन आला होता. त्यात खाली विंडोजच्या चार आवृत्त्या लिहिल्या होत्या: होम, प्रो, एज्युकेशन, एंटरप्राइज. सरांनी चष्मा चढवला, कागद लांब धरला आणि पंगतीत पानं मांडावीत तशी वाटणी सुरू केली.

"होम म्हणजे घरगुती. हे कार्यालयातल्या बायकांना द्या. प्रो म्हणजे प्रोफेसर, ते प्राध्यापक कक्षात. एज्युकेशन विद्यार्थ्यांच्या लॅबला." मग त्यांनी कागद टेबलावर ठेवून शेवटच्या शब्दावर बोट आपटलं. "आणि हे एंटरप्राइज माझ्या केबिनला."

"साहेबांची नजर बरोबर जागेवर जाते," बन्सीधर म्हणाला. असल्या माणसांना काय विकायचं हे तो त्यांच्या बुटांकडे बघून ओळखत असावा.

समितीत चार पीएचडी होते. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की या चारांत फरक काय. शेवटी कुणीतरी म्हणालं, लॅबच्या मुलीला बोलवा, म्हणजे तिची सही होईल.

लॅबची मुलगी म्हणजे दीपिका गडदे. एमएस्सी कॉम्प्युटर, तासिका तत्त्वावर, दर वर्षी नवी नेमणूक. चुडाव्याहून रोज रेल्वेनं यायची. वडील रामकिशन मेंढरं पाळायचे. हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं, कारण ते सगळ्यांनी एकमेकांना सांगितलेलं होतं. ती आली, उभी राहिली. बसायला कुणी सांगितलं नाही. तिनं कागद वाचला.

"सर, नावावरून नसतं ठरवायचं," ती म्हणाली. "हे सगळे संगणक कारखान्यातूनच होम घेऊन येणार आहेत. त्याचे पैसे किमतीतच धरलेले असतात. लॅबमध्ये पोरांना टायपिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकायचंय, त्याला होम पुरतं. प्राध्यापकांना आणि तुम्हालाही पुरतं. प्रो लागेल ते कार्यालयाला. त्यांचे सहा संगणक सर्व्हरला जोडायचेत, आणि विद्यार्थ्यांची सगळी माहिती त्यांच्यावर असते म्हणून डिस्कला कुलूप लागतं. होमवर ते जमत नाही."

"म्हणजे बायकांना प्रो आणि प्राचार्याला होम?"

"कामावर ठरतं, सर. आणि एंटरप्राइज असं एकेक सुटं मिळत नाही. संस्था कंपनीबरोबर करार करते, त्यातून मिळतं. बाजारात कुणी सुटं द्यायला लागला तर ते दुसऱ्याच कुणाच्या करारातलं असतं."

बन्सीधर छताच्या पंख्याकडे बघू लागला. सर खुर्चीत मागे रेलले.

"बरं. आणि मेंढरं मोजायला कोणतं लागतं गं?"

समिती हसली. मीही हसले. मला घरगुती ठरवून पाच मिनिटंही झाली नव्हती, पण तिच्यावर हसताना मला समितीतल्यांच्या बरोबरीला बसल्यासारखं वाटलं. दीपिकानं कोटेशन टेबलावर सरळ करून ठेवलं आणि सही न करता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. हातात दोन पानी पत्र, प्राचार्यांच्या नावे.

"मॅडम, हे आवक करून घ्या."

मी पत्र हातात न घेताच म्हणाले, "तासिकेवरच्यांनी प्राचार्यांना थेट लिहायचं नसतं. विभागप्रमुखांमार्फत या."

"संगणकाला विभागप्रमुख न्हाईत मॅडम. मी एकलीच हाय."

"'आहे' म्हणावं. 'हाय' नाही. कॉलेजात आहेस तू."

तिचा चेहरा जरा ताणला. "मी एकटीच आहे," ती म्हणाली. मग पत्र टेबलावर ठेवून म्हणाली, "वाचून तरी बघा." ती गेल्यावर मी ते किरकोळ कागदांच्या फायलीत सरकवलं. आवक क्रमांक घातला नाही. खरं सांगायचं तर वाचलंही नाही. मेंढपाळाच्या पोरीनं कार्यालयाला शहाणपण शिकवावं, हेच मला खुपलं होतं.

संगणक आले. बन्सीधरच्या माणसांनी सरांच्या वाटणीप्रमाणे लॅबमध्ये एज्युकेशन, प्राध्यापक कक्षात प्रो आणि केबिनमध्ये एंटरप्राइज घातलं. एका साध्या कागदावर छापलेल्या लांबलचक चाव्या होत्या, पंचवीस पंचवीस अक्षरांच्या. माणूस बघून बघून टाकत होता. दीपिकानं परवान्याचे कागद कुठं आहेत म्हणून विचारलं.

"ताई, चालतंय ना?" बन्सीधर म्हणाला. "मानवतच्या दोन अडत दुकानांत हेच टाकलंय. एक तक्रार नाही."

"चालतंय आणि आपलं हाय, यात फरक असतो, शेठ."

"प्राचार्यसाहेबांना सांगा मग."

बिलावर नुसतं 'विंडोजसह' एवढंच लिहिलं होतं. सरांनी ते मंजूर केलं आणि मी त्यावर शिक्का मारला.

पुढचे चार महिने केबिनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सर आपला संगणक दाखवायचे. "एंटरप्राइज आहे. जिल्ह्यात किती असतील?" त्या एंटरप्राइजवर ते सकाळी पेपर वाचायचे आणि दुपारी पत्ते खेळायचे. इकडे आम्ही कार्यालयातल्या बायका घरगुती विंडोजवर. सर्व्हर कोपऱ्यात झाकून ठेवलेला, आणि एका टेबलावरची यादी दुसऱ्या टेबलावर न्यायची तर पेन ड्राइव्ह घेऊन उठायचं. एकदा परीक्षा अर्जांची यादी असलेला पेन ड्राइव्ह हरवला आणि दोन दिवसांनी सटवाजीला जिन्याखाली सापडला. आम्ही कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत बाहेरून तपासणी समिती आली. दोन दिवसांचा मुक्काम. अध्यक्षा कुठल्याशा मोठ्या विद्यापीठातून आलेल्या, बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. सरांनी फुलं, शाली, बासुंदी असं सगळं योजलं होतं. अकरा वाजता आम्ही सगळे लॅबमध्ये शिरलो.

चौदा पडदे चालू होते. त्यातल्या नऊ पडद्यांच्या उजव्या कोपऱ्यात खाली पुसट करड्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं होतं, विंडोज सक्रिय करा. तीन पडद्यांवरचं चित्र जाऊन नुसता काळा रंग उरला होता. दीपिका शेवटच्या संगणकाशी उभी होती. हे गेल्या आठवड्यातच सुरू झालं होतं. ती दोनदा केबिनच्या दारापर्यंत जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा सर शालींचे रंग निवडत होते.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी कोपऱ्यातल्या अक्षरांकडे बोट केलं.

सर पुढे झाले. "ते कंपनीचं चिन्ह आहे, मॅडम. अस्सल असल्याची खूण."

समितीतला एक तरुण सदस्य खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळला. अध्यक्षा मात्र हसल्या नाहीत. मूल चुकलं तर हसू येतं. एवढ्या वयाच्या, एवढ्या पदवीच्या माणसाचं काय करायचं असतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"सर, तुमच्याकडे परवाना नाही असं हा संगणक सांगतोय. कागद दाखवा."

मी बिल आणलं. 'विंडोजसह'. सरांनी बन्सीधरला फोन लावला. फोन बंद. परत लावला. मग त्यांनी खिशात फोन ठेवला, घसा खाकरला आणि वळून दीपिकाकडे हात केला.

"ही मुलगी तासिकेवर आहे, मॅडम. लॅब हिच्याच ताब्यात असते. हिनंच कुठून तरी फुकटचं उतरवून घातलेलं दिसतंय. ही माणसं कुठून येतात, आपण तरी किती लक्ष ठेवणार?"

"सर, तुमी काय बोलायलाव?" दीपिका म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी सप्टेंबरातच लिहून दिलं व्हतं. या चाव्या दुसऱ्याच्या करारातल्या हायेत, बंद पडतील म्हणून. दोन पानं लिहून दिली व्हती."

"कुणाला?"

तिनं माझ्याकडे बघितलं. अध्यक्षांनीही बघितलं. "असं पत्र आलं होतं का?"

सर माझ्याकडे बघत होते. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. पत्र खालच्या मजल्यावर, माझ्या मागच्या कपाटात होतं. वीस पायऱ्या उतरायच्या आणि आणायचं.

"आवक नोंदवहीत तशी नोंद नाही," मी म्हणाले.

वाक्य अक्षरशः खरं होतं. तशी वाक्यं बोलायची मला सत्तावीस वर्षांची सवय आहे.

दुपारी सरांनी तिची तासिका रद्द केल्याचं पत्र माझ्याकडूनच टाइप करून घेतलं. चारच्या सुमारास ती लॅबच्या किल्ल्या द्यायला आली. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

"मॅडम, तुमी ते वाचलं तरी व्हतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मला वाटलं व्हतं वाचून दाबलं असंल." तिनं ओढणी सारखी केली. "वाचून दाबणाऱ्याला निदान कळलेलं तरी असतं. प्राचार्याला कळत न्हाई, त्यो तसाच हाय. तुमाला कळलं असतं. तुमी वाचलंच न्हाई."

ती गेली. शेजारच्या टेबलावरच्या बाई मान खाली घालून टाइप करत राहिल्या.

मी फाईल काढली आणि पत्र वाचलं. अक्षर स्वच्छ होतं. कोणत्या खोलीत कोणती आवृत्ती आणि का, हे एका पानावर. दुसऱ्या पानावर परवान्याबद्दल. तिथं तिनं लिहिलं होतं: 'सॉफ्टवेअर आपण विकत घेत नाही, ते वापरायची परवानगी घेतो. एखादा शेतकरी आमची मेंढरं खतासाठी त्याच्या रानात बसवू देतो. त्यानं रान आमचं होत नाही आणि ती जागा आम्ही तिसऱ्या कळपाला विकू शकत नाही. संगणकाबरोबर आलेली परवानगी त्याच संगणकापुरती असते. मोठ्या संस्थेच्या करारातली परवानगी त्या संस्थेपुरती असते. तिच्या चाव्या कुणी बाजारात विकल्या तर आज चालतील, पण कंपनीला कळलं की बंद होतील, आणि तेव्हा आपल्याकडं दाखवायला कागद नसेल.' शेवटी तिनं नम्र विनंती केली होती की बिलावर प्रत्येक परवान्याचा प्रकार लिहून घ्यावा.

प्राचार्यांनी मेंढरांवरून तिचं हसं केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिनं हे लिहिलं होतं, आणि त्यात राग म्हणून एक शब्द नव्हता. समितीतल्या चार पीएचडींपैकी एकालाही इतकं सरळ मराठी लिहिता आलं नसतं. मलाही नाही. मी सत्तावीस वर्षं 'उपरोक्त विषयान्वये' लिहीत आले.

दुसऱ्या दिवशी दहाला समारोपाची बैठक होती. सर बोलायला उभे राहायच्या आधी मी अध्यक्षांपुढे पत्र ठेवलं.

"काल तुम्ही विचारलेलं पत्र हे. ते आलं होतं. मी नोंद केली नव्हती."

सर माझ्या कानाशी वाकले. "उत्तराबाई, काय चालवलंय तुम्ही? पेन्शनचा तरी विचार करा."

अध्यक्षांनी दोन्ही पानं सावकाश वाचली, मग शेजारच्या सदस्याकडे दिली. "काल का नाही दिलंत?"

"काल भीती वाटली."

"आणि सप्टेंबरात?"

त्यांनी माझ्याकडे एक क्षण बघितलं. ती नजर मी ओळखली, कारण पाथरीकर सरांकडे मी रोज त्याच नजरेनं बघते.

अहवालात यावर दोन ओळी आल्या. संस्थेनं सरांना समज दिली, बंद लिफाफ्यात, आणि ते निवृत्तीपर्यंत खुर्चीवर राहतील हेही संस्थेच्या त्याच बैठकीत ठरलं. माझ्या सेवापुस्तकात ताशेरा लागला. सत्तावीस वर्षांतला पहिला. बन्सीधरनं महिनाभरानं फोन उचलला आणि आपण नुसते डबे विकले, आतलं आपल्याला काय ठाऊक, असं म्हणाला. तोवर लॅबचे उरलेले पाच संगणक, प्राध्यापक कक्ष आणि एंटरप्राइज, सगळ्यांच्या कोपऱ्यात तीच करडी अक्षरं आली होती. कारखान्यातून आलेलं होम जिथं कुणी काढलं नव्हतं ते कार्यालयाचे सहा संगणक तेवढे निर्धास्त होते. बाकीचे नीट करायला परभणीचा कुणीही यायला तयार होईना.

"त्या मुलीला बोलवा," सर एक दिवस म्हणाले. जणू ती रजेवर होती.

मी रेल्वेनं चुडाव्याला गेले. स्टेशनपासून घर लांब नव्हतं. जाळीच्या वाघुरीत मेंढरं कोंबलेली आणि रामकिशन एका लंगड्या मेंढीचा खूर साफ करत बसलेले. त्यांनी उठून बाज झटकली.

"बसा बाई. कॉलेजातून आलाव का? दीपे, कोण आलंय बघ."

दीपिका बाहेर आली. मला बघून तिनं नमस्कार केला नाही. मी निरोप सांगितला. तासिका पुन्हा देतील, हेही सांगितलं.

"तासिका नको," ती म्हणाली. "एक दिवस येते. पण आधी सरांच्या सहीचं पत्र पाहिजे. ते सॉफ्टवेअर मी घातलेलं नव्हतं, असं. मला पुढं दुसरीकडं अर्ज करायचेत. माझ्या नावावर चोरीचा डाग नको."

"बाईंनी खरं केलं ना गं शेवटी?" रामकिशन मधेच म्हणाले.

"शेवटी केलं, आबा," ती म्हणाली आणि आत जाऊन पाणी घेऊन आली.

सरांनी पत्रावर सही केली. आधी तासभर कुरकुरले, मग न वाचता केली. दीपिका मंगळवारी नऊला आली. तिनं लॅब, प्राध्यापक कक्ष असं एकेक संगणक पुसून कोरा केला आणि कारखान्यातलं होम परत घातलं. इंटरनेट जोडलं की होम आपोआप मान्य होत होतं, चावी मागतही नव्हतं. ती परवानगी संगणकाच्या पोटातच होती. कार्यालयाच्या सहांसाठी संस्थेनं रीतसर प्रोचे परवाने घेतले होते. तिनं प्रत्येकाचा कागद माझ्यापुढे ठेवून संगणकाचा क्रमांक त्यावर लिहायला लावला. सर्व्हरवरचं कापड काढलं. तीनच्या सुमारास आमचे सहाही संगणक त्याला जोडले गेले.

सगळ्यात शेवटी केबिन. सर टॉवेलवर बसून बघत होते. संगणक पुन्हा सुरू झाला.

"एंटरप्राइज गेलं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर," दीपिका म्हणाली. "ते कधी आलंच नव्हतं."

सरांना यातलं काय कळलं कोण जाणे. त्यांनी पत्ते कुठं आहेत ते विचारलं. तिनं दाखवले.

सटवाजीनं आणलेला चहा तिनं घेतला नाही. गाडीची वेळ झाली म्हणून निघाली. मी तिच्याबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेले. फलाटावर उभं राहिल्यावर मी म्हणाले, "दीपिका, माझं चुकलं. मला माफ कर."

तिनं लांबवर सिग्नलकडे बघितलं.

"मी माफ केलं तर तुमाला बरं वाटंल, मॅडम. मला काय व्हईल?"

"काहीच नाही," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या."

गाडी आली. ती डब्यात चढली, खिडकीची जागा मिळाली तिला. पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि मी खिडकीखाली उभी आहे हे ठाऊक असून ती वाचू लागली. गाडी हलली तेव्हाही तिनं वर बघितलं नाही. मी गाडी पुलापर्यंत जाईस्तोवर थांबले. घड्याळात पाच वाजायला वीस मिनिटं होती. कार्यालय बंद करायचं होतं, म्हणून परत फिरले.